सव्वीस वर्षं मधल्या फळीत

२५ नोव्हेंबर २०२१ची रात्र. ॲमेझॉनच्या जंगलाने वेढलेल्या ब्राझीलच्या मनौस शहरात ब्राझील आणि भारत यांचे महिला फुटबॉल संघ समोरासमोर होते. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची सकाळ उजाडत होती. दोन्ही देशांच्या वरिष्ठ महिला संघांची ही पहिलीच गाठ. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलच्या देबिन्हाने गोल केला तेव्हा आता डझनभर गोल बसणार असं वाटलं. पण आठव्या मिनिटाला होशियारपूरच्या मनीषा कल्याणने बरोबरी साधली आणि काही काळ फळ्यावर १-१ असा आकडा दिसत राहिला. शेवटी निकाल लागला ६-१. भारतात या सामन्याची बातमी मनीषाच्या गोलामुळे झाली, आणि ते योग्यच होतं.

ब्राझीलमधल्या लोकांना मात्र त्या रात्री गोलांचं फारसं अप्रूप नव्हतं. ते वाट पाहत होते बदली खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या एका त्रेचाळीस वर्षांच्या बाईची. सामना संपत आला तेव्हा ती मैदानात उतरली आणि आख्खं स्टेडियम उभं राहिलं. मिरायल्देस मासिएल मोता, म्हणजेच फोर्मिगा, राष्ट्रीय संघाकडून शेवटचं खेळत होती, आणि समोर होत्या आपल्या मुली. ती पहिला विश्वचषक खेळली १९९५ साली. त्या दिवशी तिच्यासमोर धावणाऱ्या भारतीय मुलींपैकी अनेकींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

या सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आत तोच भारतीय संघ नवी मुंबईत, नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषक खेळायला उतरला. तिथे जे घडलं ते आपल्या स्मरणातून फार लवकर पुसलं गेलं. ते आठवायचं तर आधी फोर्मिगाची कारकीर्द नीट पाहायला हवी. एक खेळाडू घडायला, टिकायला आणि म्हातारी होईपर्यंत खेळत राहायला काय काय लागतं, त्याचा तिच्याइतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

तिचा जन्म ३ मार्च १९७८चा, बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरातला. त्या दिवशी ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. हे वाचून आज विश्वास बसत नाही. जेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीत, १९४१ साली, एक फर्मान निघालं. स्त्रियांच्या प्रकृतीला न शोभणारे खेळ त्यांनी खेळू नयेत असं त्यात म्हटलं होतं. पुढे लष्करी राजवटीने १९६५ साली त्या खेळांची यादीच केली आणि फुटबॉलचं नाव स्पष्टपणे घातलं. बंदी उठली १९७९ साली. पेलेच्या ब्राझीलने तीन विश्वचषक जिंकले ते याच काळात. आख्खा देश रस्त्यावर नाचत होता आणि त्याच देशातल्या मुलीने चेंडूला पाय लावला तर तो गुन्हा होता.

कायदा गेला, तरी घराघरातला कायदा राहिला. फोर्मिगाला चार भाऊ. बहिणीने मुलांत जाऊन खेळावं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यापायी भावांचा मार खाल्ल्याचं तिने पुढे मुलाखतींत अनेकदा सांगितलं आहे. घरात बाहुल्या आल्या की ती त्यांची डोकी उपटून त्यांचाच चेंडू करायची, ही आठवणही तिनेच सांगितलेली. आई मात्र पाठीशी उभी राहिली. ‘फोर्मिगा’ म्हणजे मुंगी. संघासाठी अखंड राबते म्हणून लहानपणीच पडलेलं हे नाव तिला जन्मभर चिकटलं.

सतराव्या वर्षी ती स्वीडनमधल्या विश्वचषकात खेळली. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, अटलांटात महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा ती तिथेही होती. तिथून हिशेब मांडत गेलं की मन थक्क होतं. १९९५ ते २०१९ या काळातले सलग सात विश्वचषक, आणि १९९६ ते टोकियोपर्यंतची सलग सात ऑलिंपिक. दोन्ही विक्रम तिच्याच नावावर. देशासाठी दोनशे तीसहून अधिक सामने. ब्राझीलच्या पुरुषांत सर्वाधिक सामने खेळणारा काफू १४२वर थांबला. २०१५च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध तिने गोल केला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि विश्वचषकात गोल करणारी सर्वांत वयस्क खेळाडू ठरली. २०१९ साली ती एकेचाळीसाव्या वर्षी खेळली. आपण ज्या वयात जिना चढताना मध्ये थांबतो, त्या वयात ती विशीतल्या मुलींच्या पायांतून चेंडू काढून घेत होती.

पण हे आकडे संघातल्या मार्ताच्या नावाइतके लोकांच्या तोंडी नाहीत, आणि त्याला कारण तिची जागा. फोर्मिगा मधल्या फळीत खेळायची, तेही बरंचसं बचावाच्या पुढ्यात. बाजूची बचावपटू वर धावली की तिची रिकामी जागा भरायची, प्रतिस्पर्ध्याचा पास सुटण्याआधीच तो कुठे जाणार हे ओळखून आडवं उभं राहायचं, चेंडू मिळाला की दोन पावलांत तो मार्ता किंवा क्रिस्तियाने या आघाडीच्या खेळाडूंच्या वाटेवर सोडायचा आणि पुन्हा मागे वळायचं. लग्नात पंगतीची व्यवस्था पाहणारा माणूस एकाही फोटोत नसतो, पण तो नसेल तर पाहुणे उपाशी जातात. तसं हे काम. तिचे सामने पाहताना मी एक सवय लावून घेतली आहे. चेंडूकडे न पाहता दहा मिनिटं फक्त आठ नंबरच्या जर्सीकडे पाहायचं. ती क्वचितच उभी असते. चेंडू डावीकडे असताना तिची मान उजवीकडे वळलेली असते. मागून कोण येतंय, मोकळी जागा कुठे आहे, याची नोंद तिने आधीच घेतलेली असते. म्हणून पास आला की तिला विचार करावा लागत नाही. ही नजर जिममध्ये येत नाही. हजारो मिनिटांच्या खऱ्या सामन्यांतून ती येते, आणि या लेखातला माझा सगळा आग्रह या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

२००७ हे तिच्या पिढीचं वर्ष. जुलैमध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने भरगच्च माराकाना स्टेडियमवर अमेरिकेला ५-० असं हरवलं. सप्टेंबरमध्ये चीनमधल्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पुन्हा अमेरिका, या वेळी ४-०. अंतिम सामन्यात शांघायमध्ये जर्मनीने त्यांना २-० असं हरवलं. पदकं घ्यायला जाताना ब्राझीलच्या मुलींनी एक कापड उलगडलं. त्यावर पोर्तुगीजमध्ये लिहिलं होतं की ब्राझील, आम्हाला पाठिंबा हवा आहे. त्या जगात दुसऱ्या आल्या होत्या, गळ्यात रुपेरी पदकं पडणार होती, आणि आपल्याच देशाकडे त्या हात पसरत होत्या. मायदेशी त्यांना वर्षभर चालणारी धड लीग नव्हती. राष्ट्रीय साखळी स्पर्धा नव्याने उभी राहिली ती २०१३ साली, म्हणजे फोर्मिगा पस्तिशीत असताना. तोपर्यंत पोटासाठी आणि सामन्यांसाठी ती स्वीडन आणि अमेरिका करत राहिली, ब्राझीलमध्ये क्लब बदलत राहिली. साओ जोसे संघाबरोबर तिने दक्षिण अमेरिकेतला सर्वांत मोठा क्लब चषक, कोपा लिबर्तादोरेस, जिंकला. २००४ आणि २००८ची दोन्ही ऑलिंपिक रौप्यं अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत हरून मिळालेली.

२०१६च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. दीड-दोन वर्षांतच प्रशिक्षक व्हादाओ यांनी तिला परत बोलावलं, कारण तिच्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं. तिच्या थोरवीइतकीच ही तिच्या देशाच्या व्यवस्थेची कबुली होती. दरम्यान ती पॅरिस सेंट-जर्मेनकडे गेली होती. २०२१ साली त्या क्लबने ल्योंची चौदा वर्षांची सद्दी मोडून फ्रेंच लीग जिंकली तेव्हा संघात त्रेचाळीस वर्षांची फोर्मिगा होती. मग टोकियो, आणि मग मनौस.

आता नेरूळ.

जुईनगरकडून सायन-पनवेल महामार्गाने जाताना डाव्या-उजव्या इमारतींच्या गर्दीत हे स्टेडियम एकदम समोर येतं. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी ते रेखलं, २००८ साली ते खुलं झालं आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला. छताला आधार देणारा एकही खांब प्रेक्षकाच्या नजरेआड येत नाही. कुठेही बसा, आख्खं मैदान दिसतं. पंचावन्न हजार माणसं मावतात. जानेवारी २०२२मध्ये यातल्या बहुतेक खुर्च्या ओस होत्या, कारण करोनाची तिसरी लाट चढत होती.

महिलांचा आशियाई चषक तेव्हा नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी अशा तीन मैदानांवर होता. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. पहिल्या पाचांना २०२३च्या विश्वचषकाचं तिकीट मिळणार होतं. बाद फेरी गाठली तरी विश्वचषकाचं दार किलकिलं होणार होतं. भारताच्या मुलींच्या इतकं जवळ हे दार याआधी कधीच आलं नव्हतं. स्वीडिश प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी संघाला त्यासाठीच देशोदेशी फिरवून मनौसपर्यंत नेलं होतं. २० जानेवारीला इराणविरुद्ध सामना गोलशून्य सुटला. चेंडू जास्त वेळ आपल्याकडे होता, पण गोल काही झाला नाही. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता आणि तो जिंकला असता तर बाद फेरी आवाक्यात आली असती.

तो सामना झालाच नाही. आपल्या बारा मुलींचे करोना अहवाल पॉझिटिव्ह आले. काही दुखापतीने आधीच बाहेर होत्या. नियमाप्रमाणे किमान तेरा खेळाडूंची यादी द्यावी लागते, तेवढ्या उभ्या राहू शकत नव्हत्या. सामना रद्द झाला आणि पुढच्या नियमाने भारत स्पर्धेतून बाद ठरला. इराणविरुद्धचा निकालही पुसला गेला. अधिकृत तक्त्यात भारताच्या नावापुढे काहीच उरलं नाही. एकही सामना न हरता आपण बाहेर पडलो होतो, आपल्याच अंगणातून. कप्तान आशालता देवी, तामिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक असलेली मिडफिल्डर इंदुमती कथिरेसन, आणि मनौसला ब्राझीलच्या जाळ्यात चेंडू धाडणारी मनीषा. या मुली हॉटेलच्या खोल्यांत अडकून होत्या. वर्षानुवर्षांची तयारी एका दुपारच्या चाचणीत संपते, याला काय म्हणावं? मला त्याचा आजही राग येतो, आणि कुणावर काढावा हे कळत नाही.

स्पर्धा पुढे चालू राहिली. ६ फेब्रुवारीला नेरूळलाच चीन आणि दक्षिण कोरिया यांचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला कोरिया २-० पुढे होता. उत्तरार्धात चीनने दोन गोल फेडले आणि भरपाई वेळेत शियाओ युयीने तिसरा मारून चषक नेला. आशियातल्या महिला फुटबॉलमधला हा एक उत्तम अंतिम सामना. तो आपल्या शहरात झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेरूळला एक विश्वचषकही आला, सतरा वर्षांखालील मुलींचा. आणि या वेळी ब्राझील खरोखरच नवी मुंबईत उतरलं. आधी गटसाखळीत भुवनेश्वरला त्यांनी भारताला ५-० असं हरवलं होतं. भारताने त्या स्पर्धेत तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. २१ ऑक्टोबरला उपांत्यपूर्व फेरीत, डी. वाय. पाटीलवर, ब्राझील जर्मनीशी खेळलं आणि ०-२ असं हरलं. त्या रात्री ब्राझीलच्या बाकासमोर उभी होती सिमोने जातोबा. प्रशिक्षक होण्याआधी ती स्वतः ब्राझीलकडून मधल्या फळीत आणि बचावात खेळली होती, फ्रान्समध्ये ल्योंकडून खेळली होती. शांघायचं २००७ आणि बीजिंगचं २००८ तिने फोर्मिगाच्या बरोबरीने अनुभवलं होतं. पाठिंब्याची भीक मागणाऱ्या त्या पिढीतली एक बाई पंधरा वर्षांनी त्याच देशाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली घेऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. आणि तिच्या मुली दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या म्हणून आल्या होत्या.

ब्राझीलमध्ये मधल्या काळात काय झालं? चमत्कार काही नाही. दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने २०१९पासून नियम केला की पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं तर क्लबने महिलांचा संघ चालवलाच पाहिजे. कोरिंथियन्स, पाल्मेरास, साओ पाउलो अशा क्लबांकडे मैदानं होती, डॉक्टर होते, बसगाड्या होत्या. ते सगळं मुलींनाही मिळू लागलं. २०२०मध्ये राष्ट्रीय संघातल्या स्त्री-पुरुषांचे भत्ते सारखे झाले. आणि २०२७चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, दक्षिण अमेरिकेतला पहिला. जिच्या जन्मदिवशी बायकांना चेंडू वर्ज्य होता, तिच्या हयातीत.

आपल्याकडे फोर्मिगाची समकालीन आहे. मणिपूरची ओइनाम बेंबेम देवी. तीही मिडफिल्डर. तिचंही आंतरराष्ट्रीय पदार्पण १९९५चंच, वय पंधरा. एकवीस वर्षं ती भारताकडून खेळली. २०१६मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकून थांबली. अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये पद्मश्रीही. चेंडू पायाशी ठेवून मान वर करून पाहण्याची तिची लकब पाहिली की वाटतं, हिला फोर्मिगाइतके सामने मिळाले असते तर? पण भारतात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती बेंबेमने निळी जर्सी उतरवल्यावर. आणि पहिल्या हंगामाची अंतिम फेरी दिल्लीत जेमतेम अडीच आठवड्यांत उरकली. तोवर तिच्यासारखीला वर्षाकाठी राष्ट्रीय अजिंक्यपद, अधूनमधून एखादा दौरा, आणि उरलेले महिने मणिपूर पोलिसांची नोकरी. तिला विश्वचषक मिळाला नाही, एकही.

महाराष्ट्राचं काय, असा प्रश्न आपण विचारत नाही, म्हणून तो इथे विचारतो. महिला लीग २०२३-२४पासून घरचं मैदान-परकं मैदान अशा पद्धतीने, काही महिने चालू लागली. हे फार मोठं पाऊल आहे. त्या हंगामात आणि पुढच्या २०२४-२५च्या हंगामात अव्वल गटात ओडिशा, बंगाल, केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, दिल्ली यांचे क्लब होते. महाराष्ट्राचा एकही नव्हता. त्याआधीच्या काळात एफसी कोल्हापूर सिटी संघ या लीगमध्ये उतरला होता, हे मुद्दाम नोंदवायला हवं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांसाठी जीव टाकणाऱ्या कोल्हापूरनेच तो संघ दिला. त्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातली, बेकनाळची अंजू तुरंबेकर शेतकऱ्याच्या घरातून आली, महाराष्ट्राकडून खेळली, मुंबईत ‘मॅजिक बस’बरोबर वस्त्यांतल्या मुलांत राबली आणि पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या तळागाळातल्या कार्यक्रमाची प्रमुख झाली. आशियाई महासंघाचा प्रशिक्षणाचा ‘ए’ परवाना मिळवणाऱ्या मोजक्या भारतीय स्त्रियांत ती आहे. म्हणजे माणसं आहेत. माती आहे. नाहीत ते सामने.

नवी मुंबईत संध्याकाळी फिरून पाहा. सीवूड्स, खारघर, कामोठे, जिकडे तिकडे हिरवी जाळी लावलेले टर्फ झाले आहेत. तासाच्या भाड्याने ते मिळतात, रात्री अकरापर्यंत दिवे जळतात. ऑफिस सुटलेले तरुण पाच-पाचांचे संघ करून खेळत असतात. मुलींचा गट दिसतो तो बहुधा दुपारी चार ते सहाच्या क्लासचा, आणि दहावी जवळ आली की त्यातल्या निम्म्या दिसेनाशा होतात. एका टर्फच्या जाळीबाहेर मी मुलींचा सराव पाहत थांबलो होतो. बारा-तेरा वर्षांची एक पोर, गुडघ्याला खरचटलेलं, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले. पास यायच्या आधी ती मान वळवून मागे बघत होती. शिकवून येत नाही ते तिला येत होतं. तिला अकरा-अकराच्या पूर्ण मैदानावर वर्षात किती सामने मिळतात, असं तिच्या प्रशिक्षकांना विचारलं तर त्यांनी शाळांच्या आंतरशालेय स्पर्धांची बोटं मोजली. एका हाताची सगळी बोटंही लागली नाहीत.

आणि तरी मी निराश नाही, कारण याच नेरूळने २ नोव्हेंबर २०२५ची रात्र पाहिली आहे. तेच स्टेडियम, तेच बिनखांबी छत. पण त्या दिवशी खुर्च्या खचाखच होत्या, पाऊस थांबण्याची वाट पाहत माणसं दुपारपासून बसून होती, आणि भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला बावन्न धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला. तीन दिवस आधी याच मैदानावर मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला घरी धाडलं होतं. सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची सलामीवीर. बायकांचा खेळ बघायला कोण येतं, हे वाक्य त्या रात्रीनंतर या शहरात कुणी उच्चारू नये. क्रिकेटला तिथवर जायला मंडळाचा पैसा लागला, आंतरराज्य स्पर्धांचं जाळं लागलं, २०२३मध्ये सुरू झालेली महिला प्रीमियर लीग लागली. तिचे पहिले सामनेही इथेच, नेरूळला आणि ब्रेबॉर्नवर झाले होते.

फुटबॉलच्या मुलीही थांबलेल्या नाहीत. ५ जुलै २०२५ला थायलंडमधल्या चिआंग माईत भारताने यजमान थायलंडला २-१ असं हरवलं आणि २०२६च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला, पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून. नेरूळला यजमान म्हणून मिळालेलं आणि हातातून निसटलेलं स्थान आता हक्काने कमावलं होतं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. बंगालमधल्या कल्याणीची ही पोर सशस्त्र सीमा बलात नोकरी करते आणि खेळते मधल्या फळीत.

आता मागणं अगदी साधं आहे. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत शाळा आहेत, सिडकोने राखलेली मैदानं आहेत, महापालिका आहेत. जून ते मार्च, दर शनिवारी सकाळी, चौदा आणि सतरा वर्षांखालच्या मुलींची अकरा-अकराची साखळी स्पर्धा. आठ संघ पुरेत. एकेका मुलीला वर्षाला निदान वीस पूर्ण सामने. पंच लागतील, एक रुग्णवाहिका लागेल, मुलींसाठी स्वच्छ कपडे बदलायची खोली आणि संडास लागेल. पालकांना पोर कुठे आहे, कधी परतेल हे सांगणारा एक जबाबदार माणूस लागेल. डी. वाय. पाटीलवरच्या एका रात्रीच्या दिव्यांच्या खर्चाशी तुलना केली तर यातलं काहीच महाग नाही. गुडघा खरचटलेल्या त्या पोरीची दहावी अजून तीन वर्षं लांब आहे.